चंद्रावरील पाण्याचा शोध

चंद्राचा पृष्ठभाग अगदीं कोरडा ठणठणीत आहे, असा विद्वानांचा समज दीर्घकाळ होता. तो कसा बदलला, हें समजण्यास प्रथम आपल्याच भागांतील दगडांकडे पाहावें. नांदेड व लातूर येथील बहुतेक जमीन लाव्हारसापासून झालेल्या काळ्या बेसाल्टची आहे. देगलूर-बिलोलीकडे मात्र फिकट ग्रॅनाइट आढळतो. दोहोंवर ऊन सारखेंच पडतें. परंतु काळा दगड त्यांतील थोडाच प्रकाश परत पाठवितो. चंद्रावरील काळे डागही बेसाल्टचेच आहेत. चांदणें आपणांस शुभ्र वाटतें खरें; तथापि चंद्र आपल्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं सुमारें १२ भागच परावर्तित करितो.

तांबड्या रंगापलीकडेही डोळ्यांस न दिसणारे किरण असतात. विल्यम हर्शेल यानें १८०० सालीं उष्णतामापकाच्या साहाय्यानें ते शोधून काढिले. त्यांस अवरक्त किरण म्हणतात. प्रत्येक पदार्थ त्यांपैकीं ठराविक लांबीच्या लहरी शोषून घेतो. म्हणून परत आलेल्या प्रकाशांत कोणत्या लहरी उण्या आहेत, हें पाहिलें कीं पदार्थाची ओळख पटते.

२२ ऑक्टोबर २००८ रोजीं श्रीहरिकोटा येथून निघालेल्या चांद्रयान-१ वर असें एक अमेरिकन यंत्र होतें. चंद्राच्या प्रकाशांत ३ मायक्रॉनच्या सुमाराच्या लहरी उण्या असल्याचें त्यास आढळलें. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) हें वृत्त सप्टेंबर २००९ मध्यें प्रसिद्ध झालें. परंतु ही खूण पाण्याची, कीं हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा एकेक अणु मिळून होणाऱ्या हायड्रॉक्सिलची, हा संशय उरला.

६ मायक्रॉनजवळची खूण मात्र पाण्याचीच असते. पण आपल्या हवेंतील वाफच त्या लहरी गिळून टाकते. म्हणून ‘सोफिया’ ही दुर्बीण विमानांतून सुमारें १२ किलोमीटर उंच नेण्यांत आली, व तिनें क्लेव्हियस विवरांत ती खूण टिपली. ऑक्टोबर २०२० मध्यें तें जाहीर झालें.

चंद्राभोवतीं हेलियम, निऑन व आर्गॉन यांचें केवळ अतिविरळ आवरण असल्यानें उघडें पाणी तेथें टिकत नाहीं. हें पाणी मातीच्या कणांतच अडकलेलें असावें. त्याचें प्रमाण घनमीटरभर मातींत सुमारें ३५० मिलिलिटर, म्हणजे सहाराच्या वाळवंटांतील पाण्याच्या शतांशच.

विद्यार्थिमित्रांनो, २०१६ सालीं लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पाण्याचा हिशेब म्हणजे काय, हें आपणांस शिकवावयास नको. चंद्रावर वस्ती करूं पाहणारासही प्रथम तोच हिशेब मांडावा लागेल.