अंक पाहताच गिटार ऐकू यावी

पुण्या-मुंबईत बँडमध्ये वाजवणारी, ‘एनएच सेव्हन वीकेंडर’सारख्या महोत्सवात तासन्‌तास उभं राहून ऐकणारी मराठी मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी रॉक संगीताचं मराठी मासिक काढायचं आमच्या मंडळींनी ठरवलं आणि मांडणीचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजीत आपल्याकडे ही वाट आधीच पडली होती. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केलं, २००८ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती आली. मराठीत मात्र सगळं मुळापासून बसवायचं होतं.

म्हणून ब्रिटन-अमेरिकेतल्या रॉक मासिकांचे जुने अंक मिळतील तेवढे गोळा केले, टेबलावर पसरले आणि पट्टी घेऊन मोजले. प्रत्येक प्रकारच्या मासिकाचे काही संकेत ठरून गेलेले असतात. ‘आवाज’चा दिवाळी अंक हाती आला की वाचक आधी खिडकीचित्रं उघडतो, ती नसतील तर तो अंक त्याला ‘आवाज’ वाटणारच नाही. रॉकच्या मासिकाचंही तसंच आहे. हे संकेत पाळण्याची अपेक्षा ठेवणं हा वाचकाचा हक्क आहे, असं मी मानतो. काम करताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

१. वाचक ठरल्याशिवाय पान आखू नका

रॉकमध्येही घराणी आहेत आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. ‘केरँग!’ १९८१ च्या जूनमध्ये ‘साउंड्स’ या ब्रिटिश साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं. पहिल्या मुखपृष्ठावर ‘एसी/डीसी’चा गिटारवादक अँगस यंग होता. तिथे पान गच्च भरलेलं असतं, फोटो एकमेकांवर चढलेले, पट्ट्या तिरक्या, आत भिंतीवर लावायची पोस्टरं. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘मोजो’च्या पहिल्या मुखपृष्ठावर बॉब डिलन आणि जॉन लेनन होते. त्याचा वाचक वयाने मोठा, जुन्या तबकड्या जपणारा. तिथे लांब लेख, शांत रकाने आणि सावकाश वाचायची सोय. दोन्ही रॉकचीच मासिकं, पण एकाची मांडणी दुसऱ्याला चढवली तर दोन्हीकडचा वाचक बिचकेल. आम्ही कॉलेजातली, स्वतः वाजवणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवली आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्याकडे पाहून घेतला.

२. शीर्षनाम हाताने काढा

‘केरँग’ हा गिटारवर सणसणीत वाजवलेल्या कॉर्डचा आवाज आहे आणि त्या मासिकाच्या नावाच्या अक्षरांना तडे गेलेले आहेत. आवाजाने काच फुटावी, तसं ते नाव दिसतं. १९६७ मध्ये सान फ्रान्सिस्कोत निघालेल्या ‘रोलिंग स्टोन’चं मूळ शीर्षनाम रिक ग्रिफिन यांनी काढलं. ते त्या शहरातल्या रॉक मैफलींची पोस्टरं करणारे चित्रकार होते, म्हणून पोस्टरांची वळणदार अक्षरं थेट मासिकाच्या माथ्यावर आली. ‘एसी/डीसी’ची टोकदार अक्षरं जेरार्ड ह्युर्टा यांनी १९७७ मध्ये काढली, तीही गुटेनबर्गच्या बायबलातल्या जुन्या अक्षरांवरून सुचून. चांगल्या अक्षरामागे अशी काही ना काही वंशावळ असते.

देवनागरीत हे करताना मात्र डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. रोमन अक्षर झिजलेलं, खरवडलेलं दाखवणं सोपं आहे. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर शाईचा एक शिंतोडा पडला तरी तो अनुस्वार होतो आणि ‘रग’चा ‘रंग’ वाचला जातो. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ खरवडली गेली की त्याचा ‘व’ होतो. म्हणून आम्ही नियम केला: शिंतोडे शिरोरेषेखाली, तडे काना आणि दंड यांच्यावर आणि अक्षराची ओळख पटवणाऱ्या गाठीला हात लावायचा नाही. शिरोरेषा मात्र मुद्दाम दोन ठिकाणी तोडली. मराठी वाचकाला ती सलग पाहायची सवय असल्यामुळे ती तुटलेली दिसताच नजर तिथे थांबते.

३. मुखपृष्ठावर एकच नजर ठेवा

रॉक मासिकाच्या मुखपृष्ठावर बहुधा एकच मोठा फोटो असतो, कमरेपासून वर, आणि डोळे थेट वाचकाकडे. बँड असेल तर गायक पुढे, बाकीचे त्याच्या मागे पायरीपायरीने. दुकानात दहा मासिकांच्या गर्दीत आपल्याकडे रोखून पाहणारा चेहरा आधी दिसतो, हे त्यामागचं साधं कारण.

कलाकाराचं डोकं शीर्षनामावर चढवायची रीतही जुनी आहे. रोमन अक्षराचा वरचा अर्धा भाग दिसला तरी शब्द वाचता येतो, त्यामुळे खालून आलेलं डोकं तिथे खपून जातं. देवनागरीत वर शिरोरेषा आणि अक्षराचा खरा आकार तिच्याखाली, म्हणजे नेमका डोक्यामागे जाणारा भाग. आम्ही डोकं एकाच अक्षरावर येऊ दिलं, तेही अर्धंच. नवीन मासिकाने याहून जास्त धाडस करू नये. नाव ओळखीचं व्हायला आधी ते वाचता आलं पाहिजे.

४. काळ्या रंगाचा हिशोब प्रेसमध्ये जाऊन करा

काळा, पांढरा, लाल हे या मासिकांचे ठरलेले रंग. पडद्यावर काळा गडद दिसतो, पण नुसती शंभर टक्के काळी शाई मोठ्या भागावर छापली की ती करडी, धुवट वाटते. त्यासाठी काळ्याखाली सायन ६०, मॅजेंटा ४० आणि यलो ४० टक्के असा आधार देतात. प्रेसमध्ये त्याला ‘रिच ब्लॅक’ म्हणतात.

पण त्याच पानावर काळ्यात पांढरा बारीक मजकूर असेल तर हा उपाय अंगाशी येतो. चार प्लेटांपैकी एक जरी केसभर सरकली तरी पांढऱ्या अक्षराला रंगीत कड येते आणि बारीक मात्रा शाईने बुजतात. अशा पानावर काळ्याला फक्त सायनचा आधार ठेवावा, अक्षर एक वजन जाड घ्यावं आणि आकार एखाद्या पॉइंटने वाढवावा. हे पडद्यावर कधीच कळत नाही. मशीन प्रूफ उन्हात धरून पाहिला की लगेच कळतं.

५. ओरडायचं असेल तर वजन वापरा

इंग्रजी रॉक मासिकं मुखपृष्ठावरचे मथळे सरसकट कॅपिटल अक्षरांत देतात. देवनागरीत कॅपिटल नाहीत. मग आवाज चढवायचा कसा? अक्षराचं वजन आणि आकार यांतला फरक वाढवून. मुख्य मथळा अतिशय जाड आणि मोठा, त्याखालची ओळ बारीक आणि कितीतरी लहान; मधल्या आकाराचं काहीच नको. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ हा देवनागरीतला अत्यंत गुबगुबीत फाँट आहे. त्यात अक्षरांच्या आतली मोकळी जागा फटीएवढी उरते, म्हणून तो मोठ्या आकारातच वापरावा. उद्गारचिन्ह अंकात एकाच ठिकाणी द्या. सगळेच मथळे किंचाळू लागले की एकही ऐकू येत नाही.

६. अनुक्रमणिकेत बँडची नावं वेगळी द्या

‘एनएमई’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या अनुक्रमणिकेत बँडची स्वतंत्र सूची असे: नाव आणि पान. वाचक लेख शोधत नाही, आवडता बँड शोधतो, हे त्यांनी ओळखलं होतं. आम्हीही तशी सूची अकारविल्हे दिली. स्थानिक बँडच्या मुलांनी अंक हातात घेताच आधी तिथे बोट ठेवलं.

७. मुलाखतीची जोडपानं घडीच्या हिशोबाने आखा

मुख्य मुलाखत समोरासमोरच्या दोन पानांवर: एकीकडे पानभर फोटो, दुसरीकडे मजकूर, मध्ये एक ठळक उद्धृत. फोटो दोन्ही पानांवर पसरवला तर चेहरा आणि गिटारवरची बोटं घडीत जाणार नाहीत इतकं अंतर सोडावं. वाजवणारा वाचक बोटं कुठल्या तारेवर आहेत तेच आधी बघतो.

मुलाखतीचं पहिलं अक्षर मोठं करायची पद्धत आहे. देवनागरीत त्या मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला जुळवावी, मात्रा किंवा वेलांटी वर डोकावू द्यावी. ती दाबून आत बसवली तर अक्षर खुजं दिसतं. ओळींमधली जागाही इंग्रजीपेक्षा जास्त लागते. १० पॉइंटच्या अक्षराला आम्ही १५ पॉइंटची ओळ दिली, तेव्हा कुठे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकायच्या थांबल्या.

८. मंचावरचे फोटो निवडायला वेळ द्या

मोठ्या मैफलींत छायाचित्रकाराला बहुतेक वेळा पहिली तीनच गाणी फोटो काढू देतात, तेही फ्लॅशशिवाय. म्हणजे घाम, दमणूक, शेवटच्या गाण्याचा जल्लोष यांतलं फार थोडं कॅमेऱ्यात येतं. जे येतं त्यावर लाल-निळ्या दिव्यांचा असा मारा असतो की छापताना चेहरा सपाट होतो. असे फोटो कृष्णधवल करून, दाणेदारपणा तसाच ठेवून मोठे छापले तर त्यांत जीव येतो.

९. संकेत मोडाल तर वाचकाला परतीची वाट ठेवा

१९७६ मध्ये लंडनच्या मार्क पेरी यांनी ‘स्निफिन ग्लू’ काढलं. टंकलेखन यंत्रावरचा मजकूर, जाड पेनाने लिहिलेले मथळे आणि फोटोकॉपी. पैसा नव्हता आणि घाई होती, पण पंक संगीताला तेच रूप शोभलं. पुढे तेच पंकच्या मासिकांचा संकेत होऊन बसलं.

डेव्हिड कार्सन यांनी मात्र जाणूनबुजून बंड केलं. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘रे गन’चे ते कलादिग्दर्शक. गायक ब्रायन फेरीची मुलाखत त्यांना कंटाळवाणी वाटली, म्हणून १९९४ मध्ये त्यांनी ती सगळी चिन्हांच्या फाँटमध्ये छापली. एक शब्द वाचता येईना. हा किस्सा मांडणीच्या वर्गात सगळीकडे सांगतात, पण अर्धाच. तीच मुलाखत अंकाच्या शेवटी वाचता येईल अशा अक्षरांत दिलेली होती.

‘रोलिंग स्टोन’चा २२ जानेवारी १९८१ चा अंक याहून मोठं उदाहरण. अ‍ॅनी लीबोविट्झ यांनी जॉन लेनन आणि योको ओनो यांचा तो फोटो काढला ८ डिसेंबर १९८० ला, आणि त्याच रात्री लेननचा खून झाला. मुखपृष्ठावर मथळा एकही नाही. फोटोच सगळं सांगत होता, तिथे मथळ्याची गरज उरली नव्हती. अमेरिकन मासिक संपादकांच्या संघटनेने २००५ मध्ये त्याला ४० वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ ठरवलं.

‘क्यू’ हे ब्रिटिश संगीत मासिक २०२० मध्ये बंद झालं, ‘एनएमई’चं छापील साप्ताहिक २०१८ मध्ये थांबलं. तरीही मराठीत असे अंक निघायला हवेत आणि ते नीट निघायला हवेत, कारण आपल्या मुलांचं संगीत छापून जपून ठेवणारं दुसरं कोणी नाही. उपयोजित कला शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं एवढंच: अंकाला हात घालण्याआधी त्या प्रकारचे जुने अंक समोर मांडा, पट्टी घ्या, दिसेल तो प्रत्येक संकेत वहीत उतरवा आणि त्याच्यापुढे त्याचं कारण लिहा. कारण सापडेल तो मनापासून पाळा. आपल्या लिपीत, आपल्या वाचकासाठी ज्याचं कारण उरलेलं नाही, तो खुशाल सोडून द्या.