खेळाचा तास व फुटबॉल : चेंडू सर्वांच्या पायी

प्राथमिक शाळेतील खेळाचा तास बहुधा दिवसाच्या अखेरीस येतो. शिक्षक चेंडू मैदानात टाकतात, मुले दोन गट पाडतात आणि खेळ सुरू होतो. दुरून पाहणाऱ्यास सारा वर्ग खेळात रमला आहे असे वाटते. जवळ जाऊन पाहिले असता मात्र निराळाच प्रकार दिसतो. चेंडू चार-पाच धट्ट्याकट्ट्या मुलांच्या पायांतून फिरत असतो. आठ-दहा मुले त्यामागे नुसतीच धावतात. उरलेली कडेला उभी राहतात, आणि एखादा किरकोळ अंगाचा मुलगा सर्वांची दप्तरे राखीत बसतो. मुली तर पुष्कळदा रेषेबाहेरच असतात. तास संपतो तेव्हा ज्यांना खेळ येत होता त्यांनी तो पुन्हा एकदा खेळलेला असतो, आणि ज्यांना येत नव्हता त्यांनी 'हे आपल्याला जमणारे नाही' एवढाच धडा घेतलेला असतो.

वाचनाच्या तासाला कोणताही जाणता शिक्षक असे होऊ देणार नाही. जो अस्खलित वाचतो त्यानेच रोज वाचावे आणि जो अडखळतो त्याने ऐकत बसावे, अशी रीत कोणत्याही शाळेत मान्य होणार नाही. मग खेळाच्या तासाला ती का चालावी, याचा विचार होणे आवश्यक आहे.

साधा हिशेब करून पाहावा. एका चेंडूवर बावीस मुले तीस मिनिटे खेळली आणि चेंडू सर्वांना अगदी समान मिळाला, तरी प्रत्येकाच्या वाट्यास दीड मिनिटही येत नाही. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर प्रत्येकी पाऊण मिनिट. हेच चार विरुद्ध चार असे आठ जण एका चेंडूवर खेळले, तर प्रत्येकास पावणेचार मिनिटे मिळतात. पायाला चेंडू लागल्यावाचून फुटबॉल शिकता येत नाही. म्हणून बालवयात संघ लहान ठेवणे हा शिक्षणाचाच भाग होय. इंग्लंडसारख्या फुटबॉलच्या जुन्या देशातही लहान मुलांचे सामने कमी जणांचे ठेवलेले आहेत, आणि वयाबरोबर ही संख्या वाढत जाते. अकरा जणांचा पूर्ण खेळ त्यानंतर येतो.

एका शिक्षकाचे उदाहरण

कच्च्या मुलांकडे लक्ष दिले तर चांगले खेळाडू मागे पडतील आणि शाळेचा संघ हरेल, अशी शंका येथे घेतली जाते. या शंकेचे उत्तर भारतीय फुटबॉलच्या इतिहासातच आहे, आणि ते एका शाळाशिक्षकाने दिलेले आहे.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी हैदराबादच्या शाळांतून अध्यापन केले आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळविली. १९४३ पासून अखेरपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव होते. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षण त्यांच्याकडे आले. त्या वर्षापासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे या संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. कूपरेज मैदानावर खेळ पाहणाऱ्या मुंबईकरांना या संघाचा भरधाव आणि नेमका खेळ चांगलाच परिचयाचा झाला.

भारतीय संघाचे प्रशिक्षकपदही त्यांच्याकडेच आले. १९५१ मध्ये दिल्ली येथील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत अंतिम सामन्यात इराणवर १–० असा विजय मिळवून भारताने सुवर्णपदक पटकाविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १–१० असा दारुण पराभव झाला. पुढच्याच म्हणजे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मात्र भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली आणि चौथा क्रमांक मिळविला. त्या सामन्यात मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिकच्या एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. १९६२ मध्ये जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २–१ असे नमवून भारताने पुन्हा सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. २०२३ पर्यंतच्या आशियाई स्पर्धांत पुरुषांच्या फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा लाभलेले नाही.

हे यश कशाच्या बळावर आले? शिक्षकाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, रहीमसाहेब खेळाचे नियम शिकवणीसाठी बदलीत असत. चेंडू पायाशी खेळवीत नेण्यास मनाई असलेल्या स्पर्धा त्यांनी हैदराबादेत भरविल्या. अशा सामन्यात चेंडू येताच तो सोबत्याकडे द्यावा लागतो. एकट्याने तीन-चार जणांना चकवून गोल करू पाहणाऱ्या मुलाला मान वर करून पाहावेच लागते, आणि ज्याच्याकडे एरवी कोणी चेंडू देत नाही त्याच्याकडेही तो जातो. ज्या पायाची सवय नाही त्याच पायाने खेळण्याच्या स्पर्धाही त्यांनी घेतल्या. तेथे पटाईत मुलगा आणि नवशिका मुलगा बहुतांशी एका पातळीवर येतात. पटाईत मुलाची उणीव भरून निघते आणि नवशिक्याचा संकोच जातो. म्हणजे ज्या उपायाने कच्च्या मुलाला संधी मिळाली, त्याच उपायाने पक्का मुलगा अधिक पक्का झाला. वर घेतलेल्या शंकेचे निरसन येथे होते.

खेळाडूची योग्य जागा ओळखणे हाही त्यांचा मोठा गुण होता. जाकार्ता येथे बचावपटू जर्नैलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. पट्टी बांधलेल्या डोक्याने बचावाच्या जागी खेळणे कठीण होते. रहीमसाहेबांनी उपांत्य आणि अंतिम सामन्यांत त्यांना आघाडीच्या मध्यभागी खेळविले, आणि दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केले. प्रौढ, निष्णात खेळाडूंच्या बाबतीत घडलेली ही गोष्ट बालकांच्या बाबतीत अनुकरणीय नाही. जखमी मुलाला कदापि खेळवू नये. तथापि एका जागी अडलेला मुलगा दुसऱ्या जागी उपयोगी पडू शकतो, हे तत्त्व शाळेतही खरे आहे.

पस्तीस मिनिटांचा पाठ

चाळीस मुलामुलींचा वर्ग, एक-दोन चेंडू आणि शाळेपुढील अंगण, एवढ्या साहित्यावर पुढील पाठ घेता येईल. चेंडू कमी असल्यास चिंध्या घट्ट बांधून केलेला कापडी चेंडू चालेल. फक्कीने सुमारे वीस पावले लांब व बारा पावले रुंद असे चार चौक आखावेत. गोलाच्या खुणा म्हणून मातीचे छोटे ढीग किंवा झाडाच्या डहाळ्या ठेवाव्यात. दगड-विटा ठेवू नयेत. मैदानातील काचा, काटे व खडे मुलांकडून आधी वेचून घ्यावेत. बूट घातलेली आणि अनवाणी मुले एकाच चौकात खेळवू नयेत.

पहिली पाच मिनिटे : हलके धावणे, शिवाशिवी, दिशा बदलणे.

पुढील दहा मिनिटे : जोडीने चेंडू देणे-घेणे. चेंडू देताना टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी असावा आणि त्याची बोटे सोबत्याकडे वळलेली असावीत. घोटा ताठ ठेवून पावलाच्या आतल्या बाजूने चेंडू ढकलावा. चेंडू घेताना पाऊल किंचित मागे घ्यावे म्हणजे तो उसळून जात नाही. एवढ्या दोनच गोष्टी सांगाव्यात. एका तासात दहा सूचना दिल्या तर मूल एकही लक्षात ठेवीत नाही.

पुढील पंधरा मिनिटे : प्रत्येक चौकात चार विरुद्ध चार असे सामने. या वेळी बत्तीस मुले खेळतात. उरलेल्या आठांपैकी चौघे पंच होतात व चौघे गुण मांडतात, आणि दर पाच मिनिटांनी त्यांची अदलाबदल करावी. एका तासाला पुढीलपैकी एकच नियम लावावा. पहिला, चेंडूला दोनदाच पाय लावून तो सोबत्याकडे द्यावयाचा. दुसरा, सवय नसलेल्या पायानेच खेळावयाचे. तिसरा, संघातील चारही जणांचा पाय लागल्यावरच गोल मोजावयाचा. तिसरा नियम लावताच कालपर्यंत कडेला उभ्या असलेल्या मुलाला त्याचे सोबती आपण होऊन हाका मारू लागतात, कारण त्याच्यावाचून गोल होत नाही.

शेवटची पाच मिनिटे : वर्तुळात बसून बोलणे. आज तुला चेंडू कोणी दिला, तू कोणाला दिलास, एवढेच विचारावे. किती गोल झाले हे मुले आपण होऊन सांगतातच.

मुली आणि मुले या वयात एकत्र खेळण्यास कोणतीही हरकत नाही. भरपेट जेवणानंतर लगेच अथवा भर उन्हात हा तास ठेवू नये, आणि पाणी जवळ असावे. डोक्याने चेंडू मारण्याचा सराव प्राथमिक शाळेत मुळीच घेऊ नये. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो बंद केला, आणि इंग्लंडच्या संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून तो काढून टाकला. डोक्यास मार लागलेल्या मुलाचा खेळ तत्काळ थांबवावा. त्यास चक्कर, वांती किंवा गुंगी असल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

निवड आणि जन्मतारीख

केंद्र व तालुका पातळीवरील सामन्यांसाठी संघ निवडावा लागतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक देशांतील युवा संघांच्या याद्या तपासल्या असता असे आढळले आहे की, वयोगटाच्या वर्षात आरंभीच्या महिन्यांत जन्मलेली मुले त्यांत प्रमाणाबाहेर अधिक असतात. दहा वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे उंचीत, वजनात व बळात बराच फरक. निवडणाऱ्यास तो गुण वाटतो. वस्तुतः तो केवळ वाढीचा फरक असतो. निवडलेल्यास पुढे अधिक सराव मिळतो, वगळलेला खेळ सोडतो, आणि आरंभीचा लहानसा फरक कायमचा होऊन बसतो. म्हणून किरकोळ अंगाच्या मुलास 'याला जमणार नाही' असे दहाव्या वर्षी सांगण्याचा अधिकार कोणासही नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे वय लपविणे. मोठ्या मुलास लहान गटात उतरवून मिळविलेला चषक कपाटात शोभतो खरा. पण त्या गटातील एका मुलाची हक्काची जागा त्याने घेतलेली असते, आणि सारी शाळा ते जाणून असते. जनरल रजिस्टरातील जन्मतारीख ही शिक्षकाच्या हातची नोंद आहे. तिच्याशी प्रामाणिक राहणे हा खेळाच्या शिक्षणाचा पहिला पाठ समजावा.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेच्या निमित्ताने, महाराष्ट्रभर शाळांतून फुटबॉल खेळला गेला. त्या स्पर्धेतील भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. असा खेळाडू एखाद्याच गावातून निघतो, आणि तो कोणत्या गावातून निघेल हे आधी सांगता येत नाही. परंतु प्रत्येक मुलाच्या पायाला आठवड्यातून दोनदा चेंडू लागावा, ही गोष्ट मात्र सर्वस्वी शिक्षकाच्या हाती आहे.

शिक्षकांनी येत्या महिन्यात एक लहानसा प्रयोग करून पाहावा. एका तासाला कडेला बसून, कोणत्या मुलास चेंडू किती वेळा मिळाला याच्या खुणा हजेरीच्या यादीसमोर कराव्यात. नंतर चार तास वरील पाठ घ्यावा आणि पुन्हा खुणा कराव्यात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे कोणाकडे अद्याप लक्ष द्यावयाचे राहिले आहे ते आपोआप कळेल, आणि पुढच्या तासाचा नियम त्यावरून ठरविता येईल.