हाताला मुंग्या येतात? नस तपासून घ्या

आपल्या सावद्याच्या वस्तीत केळीचे घड वाहणारे, गाड्या भरणारे हात पुष्कळ. रात्री बोटांना मुंग्या येतात, कप हातातून निसटतो. आपण गोळी घेऊन पुन्हा कामाला जातो. गोळी दुखणे दाबते, नस कुठे दबली ते सांगत नाही.

त्यासाठी दोन तपासण्या आहेत. एन.सी.व्ही.त कातडीवर विजेचा हलका झटका देऊन नसेतला संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. निरोगी हातात तो सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा जास्त असतो. ई.एम.जी.त स्नायूत बारीक सुई घालून त्यातली विजेची हालचाल पाहतात. दोष मनगटात, मानेत की साखरेमुळे, हे यावरून कळायला मदत होते आणि उपचार त्याप्रमाणे ठरतात.

जाताना अंगाला तेल लावू नये. पेसमेकर किंवा रक्त पातळ करणारी गोळी असल्यास आधी सांगावे. तपासणी चांगली आली म्हणजे दुखणे खोटे नव्हे. अगदी बारीक नसांचा दोष तीत दिसत नाही.

बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ साली पायांच्या वेदनांनी त्यांची झोप उडाली होती. त्यांनीही डॉक्टरांचे उपचार घेतले. दुखणे अंगावर काढण्यात मोठेपणा नाही.

हातापायातली ताकद एकाएकी गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.