कातड्याची नौका

ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट होय. त्याचा सुमारे चार-पंचमांश भाग बारमाही बर्फाखाली गाडलेला आहे. किनाऱ्याची अरुंद, खडकाळ पट्टी तेवढी वस्तीला मोकळी आहे; पण तेथे धान्य पिकत नाही आणि नावा बांधण्याजोगे वृक्षही वाढत नाहीत. अशा भूमीवरील माणसाने अन्नासाठी समुद्राकडे वळावे, हे ओघानेच आले. परंतु समुद्रावर जावयाचे तर नाव पाहिजे, आणि नावेला लाकूड पाहिजे. ते आणावयाचे कोठून?

ते लाकूड समुद्रानेच आणून दिले. सैबेरियातील लेना, येनिसेई यांसारख्या नद्यांतून वाहून आलेले ओंडके ध्रुवसमुद्राच्या बर्फात अडकतात आणि त्या बर्फाबरोबर सरकत सरकत काही वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागतात. हे लाकूड जपून वापरावे लागे. येथील इन्युइट लोकांनी (बाहेरचे लोक पूर्वी त्यांना एस्किमो म्हणत) फळ्यांच्या होडीचा नाद सोडला. त्यांनी बारीक काठ्यांचा सांगाडा केला, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या व कातडी वाद्या यांनी तो जखडला आणि त्यावर सील या सागरी प्राण्याचे कातडे चढविले. हीच कयाक. वरून ती सर्व बाजूंनी बंद असते. मध्यभागी एक माणूस बसेल एवढेच गोल तोंड उघडे असते.

कयाक बाजारात मिळत नसे. जो चालविणार त्याच्या अंगालोटावर ती बेतलेली असे. लांबी साधारण त्याच्या तीन वाव, रुंदी त्याच्या कमरेहून दोन मुठी अधिक. आपले कोळी खोली मोजताना जी वाव वापरतात तीच ही, दोन्ही हात पसरल्यावर होणारी. थोरल्या भावाची कयाक धाकट्याला ढिली व्हावयाची, आणि ढिली कयाक लाटेत आवरत नाही. ती इतकी हलकी असे, की शिकारी ती डोक्यावर घेऊन खडकांवरून चालत जाई.

नौका पुरुष चालवी, परंतु त्याचे प्राण घरातील स्त्रियांच्या सुईवर अवलंबून असत. कातडे भिजवून, केस काढून, ओले असतानाच ते सांगाड्यावर ताणून शिवावयाचे, म्हणजे वाळल्यावर ते ढोलाच्या कातड्यासारखे ताठ बसे. धागा जनावरांच्या स्नायूंच्या तंतूंचा. सुई कातड्याच्या आरपार न नेता निम्म्या जाडीतूनच फिरवावयाची आणि शिवण दुहेरी घालावयाची. मग पाण्याला वाट उरत नाही. ‘तुइलिक’ नावाचा अंगरखाही स्त्रियाच शिवीत. त्याची खालची कड कयाकच्या तोंडाभोवती घट्ट बांधली जाई. मनगटे आणि चेहऱ्याची कडही आवळलेली असे. अशा रीतीने माणूस आणि नौका एकाच कातड्यात बंद होत. कयाकसंबंधी लिहिताना पुरुषांच्या धाडसाचे वर्णन पुष्कळ होते; त्या शिवणीचे त्या मानाने थोडे होते.

कयाकमधून प्रामुख्याने सीलची शिकार होत असे, पण मासेमारीही होई. गळाची दोरी देवमाशाच्या तोंडातील चिवट झालरीच्या पट्ट्या जोडून करीत आणि तिला दगडाचे वजन बांधीत. कॉड मासा लागला तर मोठीशी अडचण नसे. हॅलिबटची गोष्ट वेगळी. हा आपल्याकडील लेपीसारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला मासा. पण तो माणसाहून लांब आणि शंभर किलोहून जड होऊ शकतो. हातभर रुंदीच्या नौकेत बसून एका बाजूने एवढे वजन ओढावयाचे, म्हणजे नौका त्याच बाजूला कलंडणार. त्यात मासा पृष्ठभागाशी येताच धडपड करतो. म्हणून तो वर येताच डोक्यावर सोट्याचा प्रहार करून त्याला निपचित करीत. सोबती जवळ असेल तर तो आपली कयाक शेजारी आणी, वल्ही दोन्ही नौकांवर आडवी टाकली जात, आणि दोन डळमळीत नौकांची एक स्थिर नौका होई.

समुद्र खवळल्यावर काय करावयाचे? कयाक लाटेशी झुंजत नाही. बाजूने फुटणारी लाट आली, की नावाडी लाटेकडे झुकतो आणि वल्ह्याचे पाते पाण्यावर सपाट टेकवितो. लाटेपासून दूर झुकणाऱ्याला लाट उलथून टाकते. नवशिक्याचे मन मात्र त्याला नेमके दूर झुकावयास सांगते. नॉर्वेचा संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन हा 1888 साली ग्रीनलंडचा हिमप्रदेश ओलांडून पश्चिम किनाऱ्यावरील गोटहोप येथे, म्हणजे आजच्या नूक शहरी, पोहोचला. परतीचे जहाज हुकल्यामुळे तो हिवाळाभर तेथेच राहिला आणि कयाक चालवावयास शिकला. भयंकर लाट येताना दिसली की मुद्दाम उलटे होऊन ती कयाकच्या तळावर झेलणारा एक पटाईत नावाडी असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

उलटल्यावर वल्ह्याच्या एका फटकाऱ्याने पुन्हा वर येणे, ही कयाकची खरी विद्या. पोहणे बहुतेकांना येत नसे, आणि आले असते तरी त्या गोठविणाऱ्या पाण्यात त्याचा फारसा उपयोग नव्हता. वल्हे हातचे गेले तर? भाला फेकण्याच्या फळीने उठावयाचे. तीही गेली तर रिकाम्या हाताने. अशा उलटण्याचे तीसहून अधिक प्रकार आहेत. मुले जमिनीवर ताणलेल्या दोरांवर कोलांट्या घेत त्याचा सराव करीत.

तरीही पुष्कळ जण परत येत नसत. एकोणिसाव्या शतकातील तेथील मृत्यूंच्या नोंदींत कयाकवर बुडालेल्या पुरुषांचा भरणा मोठा आहे. आश्चर्य असे, की केवळ वादळच घातक नव्हते. वारा पडलेला, पाणी आरशासारखे, ऊन डोळ्यांवर. अशा वेळी एकटा, निश्चल बसलेल्या शिकाऱ्याला कधी कधी भोवळ येई. पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते, हे त्याला कळेनासे होई; नौकेत पाणी भरत आहे असा भास होई आणि हात उचलण्याचेही धैर्य राहत नसे. वाऱ्याची झुळूक आली किंवा सोबत्याने हाक दिली की तो भानावर येई. काही जण या भीतीने पुढे समुद्रावर जाणेच सोडून देत.

सोबत्याचे मोल इंग्लंडच्या जिनो वॉटकिन्सच्या मृत्यूनेही दिसते. 1930-31 च्या मोहिमेत त्याने पूर्व ग्रीनलंडच्या लोकांकडून उलटून वर येण्याची विद्या चांगली आत्मसात केली होती. 20 ऑगस्ट 1932 रोजी तो एकटाच सीलच्या शिकारीस गेला. त्याच्या सोबत्यांना कयाक पाण्यावर तरंगताना सापडली. वॉटकिन्स सापडला नाही. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

विसाव्या शतकात यंत्रनौका आल्या आणि किनाऱ्यावरील कयाक एकेक करून नाहीशा झाल्या. कातड्याऐवजी कापड, पुढे प्लॅस्टिक आले; जगभर हौशी लोक तशा नौका घेऊन मासेमारीस जाऊ लागले. ग्रीनलंडमध्ये 1980 च्या दशकात तरुणांनी संघ स्थापून जुनी विद्या वृद्धांकडून पुन्हा शिकून घेतली. आता दरवर्षी तिच्या स्पर्धा भरतात. अगदी उत्तरेस, कानाक भागात, कयाक अजून कामावर आहे. तेथील नारव्हाल नावाचा लांब सुळ्याचा देवमासा यंत्राच्या आवाजाने बुजतो. म्हणून शिकारी यंत्रनौकेवर कयाक लादून नेतात आणि यंत्र बंद करून ती अलगद पाण्यात सोडतात. पुढचे अंतर वल्ह्याचा आवाज न करता कापावयाचे असते.