जुन्या गोव्यातले नाहीसे झालेले चर्च आणि उजवीकडची दुसरी खिडकी

जुने गोवे येथे मोन्ते सांतो, म्हणजे 'पवित्र टेकडी', नावाचा एक उंचवटा आहे. त्यावर जांभ्या दगडाचा एक अर्धवट मनोरा उभा आहे. उंची 46 मीटर. सहलीला गेलेल्या बहुतेकांनी त्याच्यासमोर फोटो काढून घेतलेला असतो आणि 'हेच ते सेंट ऑगस्टिनचे चर्च' असे समजून ते परत फिरलेले असतात. पण तो मनोरा म्हणजे चर्च नव्हे. चर्च नाहीसे झाले आहे. ते कसे नाहीसे झाले आणि कागद व जमीन यांचा मेळ घालून त्याचा एक कोपरा पुन्हा कसा सापडला, हे मराठी पानाच्या वाचकांना सांगावे असे बरेच दिवस मनात होते. नकाशावाचन शिकणाऱ्या कॅडेट मित्रांना यातला दुसरा भाग अधिक जवळचा वाटेल.

ऑगस्टिनियन पंथाचे ख्रिस्ती साधू 1572 मध्ये गोव्यात आले. त्यांच्या मठाला लागून असलेल्या या चर्चचे बांधकाम 1597 मध्ये सुरू झाले आणि 1602 मध्ये पुरे झाले. त्याचे खरे नाव नोसा सेन्योरा द ग्रासा, म्हणजे कृपामातेचे चर्च. युरोपच्या हिशेबाने हा काळ मध्ययुगानंतरचा. आपली पाठ्यपुस्तके मात्र शिवकाळही मध्ययुगातच धरतात, तेव्हा आपल्या लेखी हे मध्ययुगीन शहरातलेच चर्च. आत आठ चॅपेले होती, भिंतींवर रंगीत चकचकीत फरश्या होत्या आणि वर प्रचंड अर्धगोल कमानी छत होते. हे छत लक्षात ठेवा.

शहर मात्र चर्चच्या आधीच खचू लागले होते. वारंवार येणाऱ्या साथींनी लोक हैराण झाले होते. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने शहराच्या अगदी जवळचे जुवे बेट घेतले, तेव्हा व्हाइसरॉयचेही धाबे दणाणले. त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड संताच्या स्वाधीन केला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पुढे 1695 मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम शहराबाहेर पाणेली येथे हलवला आणि 1759 मध्ये पणजीला. मी राहतो त्या शास्त्री नगरापासून जवळच असलेल्या जुन्या जयपूरचा पाया 1727 मध्ये घातला गेला. म्हणजे सवाई जयसिंह इकडे आखीव रस्त्यांचे नवे शहर वसवत होते, त्या वेळी तिकडे गोवे ओस पडत होते. तरीही त्याच सुमारास जयसिंहांनी ज्योतिषाची युरोपीय कोष्टके मिळवण्यासाठी एका जेझुइट पाद्र्याला पोर्तुगालला धाडले होते. मनुष्यवस्ती घटली तरी पोर्तुगीजांकडे जाण्याचा रस्ता तोच राहिला होता.

आता चर्चच्या पडझडीकडे येऊ. ते तोफांनी पडले असावे असा अनेकांचा समज असतो. खरे कारण फार साधे आहे. पोर्तुगाल सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले आणि 1835 मध्ये ऑगस्टिनियनांना मठ सोडावा लागला. इमारतीला वाली उरला नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो. चुन्याचा गिलावा शाबूत आहे तोवर तो कोकणातला पाऊस सोसतो; गिलावा सुटला की पाणी मुरते, फटींत झाडे रुजतात आणि मुळे दगड अलग करतात. सात वर्षांत, 1842 मध्ये, ते कमानी छत कोसळले. 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा निम्मा भाग पडला, 1938 मध्ये आणखी काही. शत्रूने काही केले नाही; दरवर्षी छपरावर चढून पाहणारी माणसे तेवढी निघून गेली. माझ्या मते वेढ्यांच्या वर्णनांइतकेच हेही अभ्यासण्याजोगे आहे. या चर्चची मोठी घंटा तेवढी वाचली. ती काही काळ आग्वादच्या किल्ल्यावरील दीपगृहात होती आणि 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. पणजीला गेलात तर पांढऱ्या जिन्यांच्या त्या प्रसिद्ध चर्चच्या माथ्यावर पाहा.

मलब्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्यासाठी एक दूरचा देश झुरत होता. जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासकडे ओलीस म्हणून गेली. सुमारे दहा वर्षे तिला शिराझमध्ये कैदेत ठेवले. धर्म बदलण्यास तिने नकार दिला आणि 1624 मध्ये तिला तापलेल्या सळयांनी हाल करून मारण्यात आले. शिराझमध्ये ऑगस्टिनियन साधू होते. त्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले. काही जॉर्जियाला पोचवले, तर हाताचा भाग 1627 मध्ये गोव्याच्या मठात आणला. जॉर्जियन लोक तिला संत मानतात.

हे अवशेष कुठे ठेवले होते, हे जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेले होते: मठाच्या सभा-चॅपेलमध्ये, 'एपिस्टल' बाजूच्या दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत. वाचताना पत्ता अगदी नेमका वाटतो. पण टेकडीवर उभे राहून विचार करा. छत नाही, भिंती कमरेएवढ्या, काही ठिकाणी तर फक्त ढिगारे. सभा-चॅपेल कोणते? वेदी कोणत्या टोकाला? आणि 'एपिस्टल' बाजू म्हणजे काय? वेदीकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजवीकडे येणारी ती एपिस्टल बाजू, डावीकडची गॉस्पेल बाजू. म्हणजे वेदीची जागा चुकली की उजवे-डावे उलटे होते आणि आपण समोरच्या भिंतीपाशी खणत बसतो. नकाशा हातात घेतल्यावर आधी तो उत्तरेशी जुळवून घ्यायला तुम्हाला का शिकवतात, ते इथे कळते. कागदावरचा पत्ता बरोबर असून भागत नाही. पत्ता लिहिणारा कुठे तोंड करून उभा होता, हे आधी ठरवावे लागते.

1980 च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाची पथके गोव्यात येत होती, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याबरोबर शोध घेत होती आणि रिकाम्या हाताने परतत होती. अखेर मे 2004 मध्ये मलबा हटवल्यावर ते चॅपेल आणि ती खिडकी ओळखता आली. वर्णनातली पेटी जागेवर नव्हती, पण खिडकीजवळ मानवी हाडाचे तुकडे मिळाले.

हाड मिळाले म्हणजे राणी मिळाली असे नव्हे. मठात अनेकांचे दफन झालेले. म्हणून हाड हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राकडे, म्हणजे सीसीएमबीकडे गेले. तिथे मायटोकॉन्ड्रियातील डीएनए तपासला. हा डीएनए आईकडूनच मुलांना मिळतो, त्यामुळे मातृकुळाचा माग त्यावरून काढता येतो. या हाडात यू1बी नावाचा गट आढळला. तो भारतातल्या नमुन्यांत सापडत नाही, जॉर्जियात सापडतो. 2013 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. त्यातली भाषा मला फार आवडते. 'हे राणीचेच हाड' असे शास्त्रज्ञ म्हणाले नाहीत. लेखी पुरावा, उत्खनन आणि डीएनए एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून ते राणीचे असण्याची शक्यता मोठी आहे, इतकेच ते म्हणाले. टेहळणीचा अहवालही असाच लिहावा: पाहिले ते वेगळे, अनुमान वेगळे.

2017 मध्ये भारताने हे अवशेष काही काळासाठी जॉर्जियाला पाठवले. सहा महिन्यांची मुदत लोकांच्या ओढीमुळे वर्षभरावर गेली, मग ते परत आले. जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीला जाऊन अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला कायमचा सुपूर्द केला.

पुढच्या सुट्टीत गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. मनोऱ्यापाशी थांबू नका. मागच्या अवशेषांत शिरा, आधी वेदीची जागा शोधा, तिच्याकडे तोंड करा आणि मग उजवीकडच्या खिडक्या मोजा.