एसव्हीजी : आकड्यांतून आकृती

आपल्या पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत व्हीजेटीआयमध्ये यंत्रांचं ड्रॉइंग शिकवायचे. त्यात सगळा खेळ मापांचा. एसव्हीजीतही तसंच असतं.

पंपाचं चाक काढायचंय? 'सर्कल' टॅग घ्या. मध्यबिंदूसाठी सीएक्स व सीवाय, त्रिज्येसाठी आर. २०० बाय २०० च्या चौकटीत सीएक्स १००, सीवाय १०० आणि आर ८० द्या. वर्तुळ बरोबर मध्ये बसेल. आर १२० दिलं, तर कडा कापल्या जातील.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : वहीतल्या आलेखात वाय वरच्या बाजूला वाढतो, इथं खाली! शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं. म्हणूनच आलेखातली मापं जशीच्या तशी टाकली की चित्र उलटं येतं.

चित्र कितीही मोठं करा, कडा धूसर होत नाहीत. ब्राउझर दरवेळी आकड्यांवरून नव्यानं काढतो.

आता 'लाइन' टॅग वापरून चाकाला चार आरे जोडून बघा.