ओपीजीवर जबड्याचा सांधा वाचताना

दाढेसाठी काढलेल्या ओपीजीत वरच्या दोन्ही कोपऱ्यांत जबड्याचा सांधाही आलेला असतो. एक तर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, नाहीतर कॉन्डाईल जरा चपटा दिसला की रिपोर्टात ‘झीज’ लिहून आपण मोकळे होतो. काहीच न दुखणारा पेशंट मग घास चावायलाही घाबरतो. म्हणून पाहण्याचा क्रम पक्का ठेवा.

आधी फिल्म नीट निघाली आहे का ते बघा. एका बाजूच्या दाढा आणि रॅमसही रुंद दिसत असेल, तर डोकं वळलेलं होतं. तिकडचा कॉन्डाईल मोठा दिसणारच. हनुवटी फार खाली गेली असेल, तर कॉन्डाईल फिल्मच्या वरच्या कडेबाहेर जातात. शिवाय पेशंटने पुढच्या दातांत बाईट ब्लॉक धरलेला असतो, त्यामुळे कॉन्डाईल खोबणीतून थोडा पुढे सरकलेला असतो. सांध्यातली फट ओपीजीवर मोजूच नका.

आता कॉन्डाईलची बाह्यरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने ओढा. माथा गोल, फुगीर, चपटा किंवा कोनदार, कसाही असू शकतो आणि एकाच माणसात दोन बाजू वेगळ्या असतात. महत्त्वाची आहे ती कडेची पांढरी रेघ. ती सलग असेल तर आकार निराळा असला तरी निर्धास्त राहा. ती कुरतडल्यासारखी तुटली असेल किंवा पुढे हाडाची चोच आली असेल, तर थांबा. मात्र पेशंटचं वय विचारा: विशीच्या आतल्या मुलांत ही रेघ पुरती तयार झालेली नसते, ती झीज नव्हे.

माथ्यावर खाच दिसली तर दुभंगलेला कॉन्डाईल मनात आणा. ह्र्दलिच्का यांनी १९४१ मध्येच कवट्यांमध्ये असे नमुने नोंदवले होते. पेशंटला लहानपणी हनुवटीवर मार लागला होता का, एवढं विचारून ठेवा.

मग खोबणीपुढच्या उंचवट्याकडे या. तिथे मधाच्या पोळ्यासारखे काळे कप्पे दिसले, तर ते बहुधा हवेचे. टिंडल आणि मॅटेसन यांना १९८५ मध्ये १०६१ ओपीजींपैकी २.६ टक्क्यांत ते आढळले. हाड फुगलेलं नाही, कड शाबूत आहे, तर उपचार काही नाही. पण उंचवटा कापायची शस्त्रक्रिया ठरली, तर सर्जनला ही गोष्ट आधी कळायलाच हवी.

शेवटी पेशंटकडे वळा. दोन्ही सांध्यांवर बोटं ठेवून तोंड उघडायला लावा. दुखणं, हनुवटी एकीकडे सरकणं, चावा बदलणं तपासा. यातलं काही असेल किंवा पांढरी रेघ तुटली असेल तरच सीबीसीटी सांगा. सांध्यातली चकती सरकल्याची शंका असेल तर एमआरआय. नाहीतर रिपोर्टात लिहा: ‘उजवा कॉन्डाईल चपटा, कड सलग, तक्रार नाही, रचनेतला फरक.’